घोड्यानं सोडल्याशिवाय

आमच्या घरमालकीणबाई माणसांवर ओरडायच्या आणि घोड्यांसमोर तोंडातून अवाक्षर काढायच्या नाहीत. दूधवाला, मीटर बघायला येणारा, जिन्यात चपला काढून ठेवणारा मी, सगळ्यांची हजेरी त्या खालच्या मजल्यावरून घ्यायच्या. एखादा नवखा माणूस फाटकात दिसला की, "कोण पायजे पावणं? बोला की लवकर, मी काय दिवसभर उभा ऱ्हातो व्हय हितं?" कोल्हापुरात बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. मी वर्ध्याकडचा. खोली बघायला आलो त्या दिवशी मला वाटलं, आत कुणी तापट गडीमाणूस आहे. बाहेर आल्या त्या बाई: उंच, रुंद, स्वतःच्या हातानं शिवणाच्या कात्रीनं कापलेले पांढरे केस, सुती साडी आणि पायात पुरुषी बूट.

"काय करतोस?"

"जनावरांचा डॉक्टर आहे. सरकारी दवाखान्यात."

"घोडी बघतोस?"

"क्वचित. गाई-म्हशीच जास्त."

"मग ऱ्हा वर. पण एक सांगून ठेवतो. घोड्यातलं मला शिकवायचं न्हाई."

बाई आता नाहीत. त्यांना पोचवायला नात्यातलं फारसं कुणी नव्हतं, पण गावातले घोडेवाले झाडून आले होते. वरातीच्या घोड्या बाळगणारे, शर्यतीच्या घोडागाड्या पळवणारे, शेवटचे दोन-तीन टांगेवाले. इतकी माणसं आणि सगळी गप्प. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "थोबाडं का अशी करून बसलाय? चहा तरी टाका कुणीतरी."

बाई मूळच्या फिजिओथेरपिस्ट. सगळी नोकरी इथल्याच एका मोठ्या दवाखान्यात झाली. मोडलेले गुडघे, लचकलेल्या कमरा, पैलवानांचे खांदे, सगळं त्यांनी हाताखालून घातलं होतं. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायची माझी छाती झाली नाही. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात नाहीतर नातवंडं सांभाळतात. बाई कुठल्याशा घोड्यांच्या फार्मवर गेल्या आणि एका परदेशी बाईंकडून 'क्रेनिओसेक्रल' शिकून आल्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घोड्याची कवटी आणि शेपटीच्या मुळाशी असलेलं हाड, या दोहोंच्या मधे मणक्यातून पाणी खेळत असतं, त्याला एक ताल असतो. कुठं अडलं की घोडं ताठरतं, लंगडतं, वळत नाही. अगदी हलका हात ठेवून थांबलं की अडलेलं सुटतं. आमच्या घोडेवाल्यांच्या जिभेवर तो इंग्रजी शब्द बसणं शक्यच नव्हतं. ते म्हणायचे, "बाईंचा हात ठिवून घ्यायचा हाय."

हात ठेवण्याचा विधी मी पहिल्यांदा रज्जाकचाचांच्या तबेल्यात पाहिला. चाचांच्या वडिलांचा टांगा होता. टांग्यांचे दिवस सरल्यावर चाचांनी वरातीचा धंदा धरला. दारात दोन जनावरं. नूरी नावाची पांढरी घोडी, हलगी वाजली की जागच्या जागी नाचणारी, आणि बादशा नावाचा म्हातारा घोडा, जो आता फक्त नूरीला सोबत म्हणून होता. नूरी डावीकडं वळेनाशी झाली होती. "आजकालचे नवरदेव जिमला जात्यात की बाई," चाचा म्हणाले, "पाठ धरली तिची."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं. मग पिशवीतून चपात्यांचा स्टीलचा डबा काढला आणि सगळ्यांचे मोबाइल त्यात टाकायला लावले. माझाही. झाकण दाबून बसवलं आणि डबा चाचींच्या हातात दिला. चाचींनी तो स्वयंपाकघरात नेऊन ठेवायचा आणि बाई सांगतील तेव्हाच उघडायचा. तबेल्यात कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, उभं राहायचं नाही. बसायचं. रस्त्यावर दोन शब्द बोलायचे तर चार गल्ल्यांना ऐकू जाईल असं बोलणारी कोल्हापूरची माणसं तिथं भिंतीला टेकून मुकाट बसलेली मी पाहिली.

बाईंनी एक हात नूरीच्या कानांमागं ठेवला आणि दुसरा पाठीच्या शेवटाला. बस. पुढं काहीच होईना. दाबणं नाही, चोळणं नाही. मागाहून मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भाकरीला पाणी लावताना हात कसा असतो बघितलायस? तेवढाच. त्याच्यापरीस जड झाला की भाकरी फाटली." बराच वेळ गेला. मग नूरीची मान हळूहळू खाली आली, खालचा ओठ लोंबायला लागला, तोंडात काही नसताना ती चावल्यासारखं करू लागली, आणि एकदम तिनं सगळे दात दाखवत, डोळे फिरवत मोठी थोरली जांभई दिली. बाईंनी आमच्याकडं नुसतं पाहिलं. सुटली, असा त्याचा अर्थ. पण हात काढला नाही. नूरी स्वतःहून एक पाऊल पुढं सरकली तेव्हाच बाईंचे हात हवेत राहिले.

हा त्यांचा सगळ्यांत कडक नियम होता. "हात आपण उचलायचा न्हाई. घोड्यानं सोडायचा असतो. आपणच मधी उचलला म्हंजे कुणी बोलत असताना उठून गेल्यागत हाय ते."

तीनचार खेपांनंतर नूरी डावीकडं वळायला लागली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कवटीच्या आतल्या पाण्याचा ताल तळहाताला कळतो, यावर मात्र माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. ते मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. "बाई, कुणीतरी तासभर त्या जनावराजवळ गप्प उभं राहतं, काही मागत नाही, म्हणून ते सैल पडतं. बाकी काही नाही."

"मग तू का न्हाई ऱ्हात उभा?"

दवाखान्यात म्हशींची रांग असते, हे उत्तर माझ्याजवळ होतं. पण बाईंना ते सांगण्यात अर्थ नव्हता. रज्जाकचाचा तर त्यांच्या भजनीच लागले होते. "बाई, तुमच्या हातात जादू हाय."

"जादू बिदू काय न्हाई. गप बसणं हाय. तुला जमंल?"

"न्हाई जमायचं बाई," चाचा लगेच कबूल व्हायचे.

सगळ्या जन्माचं काम हाताचं, पण बाईंना स्वतःला कुणी हात लावलेला खपायचा नाही. रक्तदाब त्या स्वतःच पट्टा बांधून मोजायच्या. संक्रांतीला आळीतल्या बायका हळदीकुंकू घेऊन आल्या की करंडा त्यांच्या हातातून काढून घ्यायच्या आणि स्वतःच बोट टेकवायच्या. एकदा पावसात जिन्याच्या तळाशी पाय घसरून बसल्या. मी धावत खाली गेलो, हात पुढं केला, तर अशा खेकसल्या, "हात लावू नगंस!" मग तिथंच पायरीवर, मला शेजारी उभं ठेवून, उठता येईपर्यंत बसून राहिल्या. मला राग आलेला त्यांना दिसला असावा. जरा वेळानं म्हणाल्या, "माणसानं हात लावला की त्ये कायतरी मागतंय. घोडं मागत न्हाई." एवढंच. त्यामागं काय असेल ते त्यांच्याबरोबर गेलं.

आता नूरीचं सांगतो. सांगायचं टाळत आलो खरा.

लग्नसराई ऐन भरात होती. आदल्या संध्याकाळी नूरी वरातीला जाऊन आली होती. वरातीत घोडीला कोण काय चारतं याला धरबंध नसतो. भिजवलेली डाळ, बुंदी, हाताला येईल ते लोक तिच्या तोंडाशी नेतात. सकाळी ती चाऱ्याला तोंड लावेना, पाठ ताठ धरून उभी राहिली. चाचांना वाटलं, पाठीचं दुखणं उलटलं. त्यांनी बाईंना बोलावलं. बाईंनाही तेच वाटलं. मी त्या वेळी दवाखान्यात होतो. घड्याळ निघालं, मोबाइल डब्यात गेले, डबा स्वयंपाकघरात गेला, माणसं बसली.

नूरी जांभया द्यायला लागली. एक झाली, दुसरी झाली, लागोपाठ होतच राहिल्या. वरचा ओठ मागं दुमडायची, मान वळवून पोटाकडं बघायची आणि पुन्हा जांभई. चाचा उठायला लागले. बाईंनी नजरेनं खाली बसवलं. चाची दारात येऊन हळूच म्हणाल्या, "डॉक्टरला सांगू या काय?" चाचांनीच त्यांना बोटानं आत जायची खूण केली. तबेल्यात बाई कधी बोलायच्या नाहीत, त्या दिवशी बोलल्या. "सुटतीया ती. बघ कशी सुटतीया. आजपतूर अशी सुटली नव्हती." त्या वेळी बाईंचा चेहरा फार आनंदी होता, असं चाची मला नंतर म्हणाल्या. मला ते ऐकवलं नाही.

घोडं बरं वाटलं तरी जांभई देतं आणि पोटात असह्य दुखायला लागलं तरी देतं. दुसऱ्या कुणी ती चूक केलीच नसती. दुसरं कुणी जांभईची वाटच बघत बसलं नसतं. अडाणी माणसानंही घोडी पोटाकडं बघतेय म्हणताच फोन लावला असता. जांभई म्हणजे सुटका, हे बाईंनी त्या घराला शिकवलं होतं आणि घरानं ते श्रद्धेनं शिकून घेतलं होतं.

मग नूरीनं अंग झटकलं, बाई भिंतीवर जाऊन आदळल्या आणि घोडी खाली पडून लोळायला लागली. चाची डब्याकडं धावल्या. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की त्यांना ते निघेना. शेवटी बत्त्यानं ठोकून काढलं आणि मला फोन केला. माझा दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर होता.

मी पोचलो तेव्हा तिच्या हिरड्या काळपट निळ्या पडल्या होत्या. पोटाला स्टेथोस्कोप लावला. घोड्याचं पोट कधी गप्प नसतं, सारखं गुरगुरत असतं. नूरीच्या पोटात काहीच नव्हतं. आतड्याला पीळ पडला होता. देण्यासारखं होतं ते सगळं दिलं, नळी घातली, चाचा तिचं डोकं धरून बसले. ऊन उतरायच्या आत ती गेली. पलीकडं बांधलेला बादशा सारखा खिंकाळत होता. बाई भिंतीशी जिथं पडल्या होत्या तिथंच बसून होत्या आणि चाचांनी त्यांच्याकडं एकदाही पाहिलं नाही. शिवी दिली असती तरी चाललं असतं. पाहिलंच नाही.

घरी आलो तर बाई जिन्यात माझी वाट बघत उभ्या होत्या. साडीला तबेल्यातली धूळ तशीच.

"आधी बोलावलं असतं तर वाचली असती काय?"

"बाई, असा पीळ पडला की ऑपरेशन लागतं. ते आपल्याकडं—"

"वाचली असती काय ते सांग."

"माहीत नाही."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस?"

"नाही बाई. खरंच माहीत नाही. काही वेळा नुसता वायू धरलेला असतो, लवकर गेलं तर सुटतो, पीळ पडत नाही. हिचं काय होतं, ते आता कुणीच सांगू शकत नाही."

त्यांना 'हो' तरी हवं होतं नाहीतर 'नाही' तरी. त्या आत गेल्या आणि कडी लावली. मला त्यांचा संताप आला होता. खरं सांगायचं तर त्या डब्याच्या झाकणाचा आवाज आठवला की आजही येतो. आणि त्याच वेळी त्यांची अशी दया यायची की जेवण जायचं नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाबद्दल कशा वाटतात, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढचे काही दिवस बाई गावभर फिरल्या. ज्या ज्या तबेल्यात त्यांनी हात ठेवला होता तिथं जाऊन उभ्या राहिल्या आणि आपल्या त्या खणखणीत आवाजात सांगितलं, "जांभई दिली म्हंजे बरं वाटतंय, असं मी सांगितलंतं. ते अर्धंच खरं हाय. दुखलं तरी घोडं जांभई देतंय. नूरी माझ्या हाताखाली कळवळत हुती आणि मला कळलं न्हाई. जांभया लागल्या की आधी डॉक्टर. कळलं काय?" घोडेवाले खाली बघायचे. कुणीतरी समजुतीनं म्हणायचं, "जाऊ दे बाई, जनावराचं आयुष्य तेवढंच हुतं." त्यावर बाई उसळायच्या. "तेवढंच न्हवतं! असलं बोलायचं न्हाई माझ्यासमोर!" आणि ताडताड निघून यायच्या. मी स्कूटरपाशी थांबलेलो असायचो. दोनतीन ठिकाणी मीच त्यांना नेलं होतं. एवढी चूक होऊन ती अशी दारोदार सांगत फिरणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

फक्त रज्जाकचाचांच्या दारात त्या गेल्या नाहीत. तेवढं बळ त्यांच्यात नव्हतं. बाजाराला जाताना लांबचा रस्ता धरायच्या.

तबेल्यांची फेरी संपली आणि बाईंचा आवाज बसला. म्हणजे घसा बसला नाही, ओरडणंच थांबलं. मी जिन्यात चपला काढल्या तरी खालून काही येईना. दूधवाल्यानं मला गाठून विचारलं, "बाई आजारी हायत काय हो? शिव्या न्हाईत, काय न्हाई, चैन पडंना मला." मी खाली डोकावलो तर खुर्चीत बसलेल्या असायच्या, दोन्ही हात पदरात गुंडाळून. उन्हाळ्यातसुद्धा. हात ठेवायला कुणी बोलावलं तर एकच उत्तर. "ह्या हातांना कळत न्हाई." पुण्याहून कुणी शर्यतीच्या घोड्याचा मालक मोठी गाडी घेऊन आला, त्यालाही तेच. घर दिवसेंदिवस गारठत गेलं. बदलीची संधी आली होती. मी गेलो नाही. का गेलो नाही, याला काही कारण नव्हतं, फक्त त्यांना एकटं टाकून जाववेना.

वर्ष उलटलं असेल. बादशाच्या खुरांचं दुखणं विकोपाला गेलं. तो बसला तो उठेचना. कुशीला जखमा झाल्या, त्यात अळ्या पडायला लागल्या. मी चाचांना सांगितलं, आता त्याला मोकळं करणं हीच माया. चाचांनी दोन दिवस त्याला हातानं चारा भरवला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं आले, पण जिना चढून वर आले नाहीत. खाली बाईंच्या दारात उभे राहिले. मी वरून उतरत होतो, तो तिथंच थबकलो.

"बाई, बादशाला डॉक्टर सुई देणार हायत."

बाई खुर्चीतून उठल्या नाहीत.

"त्यो सुई बघितली की बुजतोय. उठाय येत न्हाई तरी धडपडतोय. त्याला तुमचा हात ठाऊक हाय. चला."

"रज्जाक, माझ्या हाताला कळत न्हाई."

"कळाय नगं. बरं कराय न्हाई बोलवत. निस्ता ठिवायचा."

बाईंनी पदरातले हात जास्तच गुंडाळून घेतले. "आणि तुला चालंल व्हय माझा हात?"

चाचांनी नजर उंबऱ्याकडं वळवली. "माझं सोडा," ते म्हणाले. "मी बादशाचं बघतोय."

त्यांनी माफ केलं नव्हतं, आणि केल्याचं सोंगही आणलं नाही. मला वाटतं, म्हणूनच बाई उठल्या.

तबेल्यात चाचींनी सवयीनं हात पुढं केला, डब्यासाठी. बाईंनी मान हलवली. "फोन हातात ठेव तुझ्या." मग त्या गवतावर बसल्या. म्हातारपणी त्यांना मांडी घालता येत नव्हती, पाय एका बाजूला घेऊन कशाबशा बसल्या. बादशाचं मोठं डोकं पुढ्यात आलं. एक हात त्याच्या कपाळावर, एक कानांमागं. मी सुई पाठीमागं लपवून उभा होतो आणि लपवल्याची मला लाज वाटत होती. बादशा आधी फुरफुरला. मग त्याचा श्वास लांब झाला. खालचा ओठ सुटला. तोंडात काही नसताना त्यानं दोनदा चावल्यासारखं केलं, आणि जांभई दिली.

चाचींनी तोंडावर पदर धरला. बाईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

"डॉक्टर, ही कसली?"

"माहीत नाही बाई."

"बरं," बाई म्हणाल्या. "दे आता."

मी दिली. त्यानं धडपड केली नाही. मी छातीला कान लावून बसलो, डोळ्याला बोट लावून पाहिलं आणि सांगितलं, "गेला." चाचा काहीतरी पुटपुटले. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत राहिला.

बाईंचे हात तसेच होते. आम्ही थांबलो. खूप वेळ थांबल्यावर मी म्हणालो, "बाई, झालं. उठा."

"त्यानं सोडलं न्हाई अजून."

इतका हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"नूरीनं झटकून टाकलं मला," त्या म्हणाल्या. "ह्यानं सोडलंच न्हाई. आता मी कसा उचलू? सांग की. कुणी उचलायचा आता?"

मी पुढं झालो, आणि जिन्यातलं ते खेकसणं आठवून तिथंच थांबलो. तेवढ्यात रज्जाकचाचा त्यांच्यासमोर गवतात गुडघ्यांवर बसले. त्यांनी बाईंची दोन्ही मनगटं धरली आणि बादशाच्या कपाळावरून, कानांमागून, ते हात हळूच उचलले. मला वाटलं, आता बाई ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. चाचांनी ते हात खाली ठेवले नाहीत, आपल्या हातात धरून ठेवले. दोघंही घोड्याकडं बघत होते.

थोड्या वेळानं चाचांनी विचारलं, "सोडू काय, बाई?"

"थांब की जरा," बाई म्हणाल्या.